सभेचे भय आणि चार बले

आपल्या निवासी शाळेत सकाळची वंदना सुरू झाली की मुलांचा आवाज पटांगणापलीकडे जातो. त्रिसरण आणि पंचशील म्हणताना कोणाचाही स्वर दबलेला नसतो. त्यानंतर परिपाठ होतो. त्याच रांगेतील एखाद्या मुलीस दिनविशेष सांगण्यासाठी पुढे बोलाविले की तिचा घसा कोरडा पडतो, हातातील कागद थरथरतो आणि पाठ असलेले वाक्य अर्ध्यावर तुटते. गळा तोच असतो, शब्दही तिच्या ओळखीचेच असतात. फरक एवढाच, की आता ती एकटी असते आणि सर्वांचे डोळे तिच्यावर खिळलेले असतात.

ही अवस्था केवळ विद्यार्थ्यांची नाही. शिकून चांगल्या हुद्द्यावर पोहोचलेले आपले माजी विद्यार्थीही १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ‘दोन शब्द बोला’ असा आग्रह झाला की मागच्या रांगेत सरकतात. पालकांपैकी अनेकजण घरी अत्यंत मार्मिक बोलतात, पण ग्रामसभेत हात वर करीत नाहीत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे. हे भय म्हणजे काय, ते आपल्याकडे कोठून आले, तथागतांनी त्यावर कोणता उपाय सांगितला आणि बाबासाहेबांच्या चळवळीत तो उपाय प्रत्यक्षात कसा उतरला, हे आपण क्रमाने पाहू.

भयाचे नाव

अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात तथागतांनी माणसाची पाच भये सांगितली आहेत : उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, परिषदेत बुजण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. यांतील तिसऱ्यास पालीत ‘परिससारज्जभय’ म्हणतात. ‘परिसा’ म्हणजे परिषद, सभा. ‘सारज्ज’ म्हणजे बुजरेपणा, गांगरणे. चारचौघांत बोलण्याची भीती ही आजच्या परीक्षांच्या आणि मुलाखतींच्या युगाची उपज नव्हे, हे यावरून ध्यानात येते. अडीच हजार वर्षांपूर्वी तिला स्वतंत्र नाव होते आणि तिची गणना मरणाच्या भयाबरोबर केली जात होती. तेव्हा व्यासपीठावर पाय लटपटले म्हणून कोणी स्वतःस दुबळे समजण्याचे कारण नाही.

याच शब्दकुलातील एक शब्द मराठीत आपण नित्य वापरतो, तो म्हणजे ‘विशारद’. एखाद्या विद्येत पारंगत असणाऱ्यास आपण विशारद म्हणतो. पालीतील ‘विसारद’ म्हणजे जो सभेत बुजत नाही तो. ज्ञान आणि निर्भयता यांचे नाते त्या एका शब्दातच दिसते.

भय वाटते तेव्हा शरीरात काय घडते, हेही जाणून घ्यावे. संकट समोर आहे असे मेंदूस वाटताच ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास उथळ होतो, तोंड कोरडे पडते, तळहातांस घाम येतो. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर केलेली ही तयारी होय. समोर वाघ आहे की इयत्ता नववीचा वर्ग आहे, हे शरीरास कळत नाही. ते मनाने त्यास शिकवावे लागते.

जिभेवरचा इतिहास

मात्र इतिहासाचा अभ्यासक म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सभेचे भय सर्व मानवांस असले तरी ते सर्वांस सारखे वाटून दिलेले नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात द्विजास कठोर शब्द बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटण्याची शिक्षा सांगितली आहे. प्रत्यक्षात किती जिभा छाटल्या गेल्या, हा येथे प्रश्न नाही. अशी आज्ञा धर्म म्हणून शतकानुशतके मान्य राहते, तेव्हा सुरीची गरजच उरत नाही. तोंड उघडण्यापूर्वी माणूस आपणच आपली जीभ आवरतो.

जुन्या गावगाड्याकडे पाहा. गावच्या सीमेचा तंटा निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. शेतसारा भरण्यासाठी कुळांस चावडीवर बोलावून आणणे हेही त्याचेच काम होते. म्हणजे त्याच्या आवाजावर आणि स्मरणशक्तीवर गावाचा पूर्ण भरवसा होता. पण तो आवाज दुसऱ्यांचा निरोप पोहोचविण्यापुरता होता. गावाचा निर्णय होताना त्यास मत नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक काढले आणि त्यास ‘मूकनायक’ हे नाव दिले, त्यामागे हाच इतिहास होता. जन्मतः मुके कोणीच नव्हते. मुके केले गेले होते.

आपल्या शहापूर-मुरबाड परिसरात या इतिहासाचा आणखी एक पदर आहे, तो बोलीचा. आपल्या शाळेत बौद्ध घरांतील मुले आहेत, तशीच ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा घरांतीलही आहेत. घरात ‘पानी’ म्हणणारे मूल व्यासपीठावर ‘पाणी’ म्हणावे लागेल या धास्तीने ओठच मिटून घेते. ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला आणि सभेत हशा पिकला, तर तो हशा कानात अनेक वर्षे घुमत राहतो. प्रमाण मराठी अवश्य शिकावी. परीक्षेसाठी आणि कारभारासाठी ती लागते. परंतु ती शिकण्याची भाषा आहे, लाज वाटून घेण्याचे कारण नव्हे. उच्चार सावकाश सुधारतो. हसण्याने गेलेला धीर परत येण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

चार बले

पाच भयांच्या त्याच उपदेशात तथागतांनी चार बले सांगितली आहेत. ज्याच्यापाशी ही चार बले आहेत तो पाचही भये ओलांडतो, असे तेथे म्हटले आहे. ती चार बले अशी : पञ्ञाबल, वीरियबल, अनवज्जबल आणि सङ्गहबल. एकेक घेऊन पाहू.

पहिले पञ्ञाबल, म्हणजे जाणण्याचे बळ. जे बोलावयाचे ते नीट कळलेले असणे. आपल्याकडे भाषणाची तयारी म्हणजे पुस्तिकेतील भाषण उतरवून घेणे आणि ते घोकणे, असा समज रूढ आहे. पाठांतराची साखळी एका कडीवर तुटली की पुढचे सर्व निखळते, आणि ती तुटेल या धास्तीनेच मूल अर्धे खचते. कळलेल्या विषयाचे तसे होत नाही. एक शब्द आठवला नाही तर दुसरा सापडतो.

याचे मोठे उदाहरण संविधान सभेतील आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १७ डिसेंबरला अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी बाबासाहेबांचे नाव अनपेक्षितपणे पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, आपली पाळी आली तर उद्या येईल, असा बाबासाहेबांचा अंदाज होता. आपण कोणतीही तयारी न करता आलो आहोत, हे त्यांनी प्रारंभीच सभागृहास सांगितले. त्या सभागृहातील बहुसंख्य सदस्य त्यांच्या राजकीय विरोधकांपैकी होते. तरीही त्यांनी ठरावाची चिकित्सा केली, बर्कच्या विचारांचा आधार घेतला आणि पक्षांचे शब्द बाजूस ठेवून सर्वांना सोबत घेण्याचे आवाहन केले. त्यांचे ते भाषण संविधान सभेतील संस्मरणीय भाषणांत गणले जाते. त्या दिवसाची तयारी नव्हती हे खरे. पण त्यामागे तीस वर्षांचे वाचन आणि चिंतन उभे होते. आयत्या वेळी जे सुचते ते आधी साठविलेले असते.

दुसरे वीरियबल, म्हणजे प्रयत्नाचे बळ. बाबासाहेब एका दिवसात संविधान सभेत उभे राहिले नाहीत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि वर्गासमोर उभे राहू लागले. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. १९२७ मध्ये महाडला ते हजारोंसमोर बोलले आणि १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रधानमंत्र्यासमोर बोलले. आधी चर्चासत्र, मग वर्ग, मग समिती, मग परिषद : ही पायऱ्यांची वाट आहे. आपले मूल पहिल्याच दिवशी वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावर का ढकलावे? आधी त्याने शेजारच्या मित्रास सांगावे, मग गटास, मग वर्गास, मग परिपाठात सर्व शाळेस.

वक्तृत्व ही शिकण्याची आणि शिकविण्याची गोष्ट आहे, ही बाबासाहेबांची धारणा अखेरपर्यंत होती. जुलै १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. तेथे पंधरा विद्यार्थी होते. कार्यकर्ता जन्मावा लागतो असे मानणारा माणूस विद्यालय काढीत नाही.

तिसरे अनवज्जबल, म्हणजे निर्दोषतेचे बळ. काया, वाचा आणि मन यांनी निर्दोष वागणारा सभेत कोणास भीत नाही, कारण उघडे पडण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते. वक्त्यासाठी याचा सरळ अर्थ असा, की जे खरे आहे, जे आपण जगलो आहोत ते बोलावे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तेथे घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरण्यांत व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या कामाच्या अटी, अशा विषयांवर ठराव झाले. त्यांपैकी कितीजणींनी शाळा पाहिली असेल? पण गिरणीतील कष्ट आणि संसारातील कोंडी त्यांना कोणाच्या पुस्तकातून उतरवून घ्यावी लागली नव्हती. आपल्या जगण्याबद्दल बोलणाऱ्यास शब्द उसने आणावे लागत नाहीत.

चौथे सङ्गहबल. हे बळ आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते एकट्या वक्त्यापाशी नसते. संग्रह म्हणजे माणसांस जोडून ठेवणे. त्याची चार साधने सांगितली आहेत : दान, प्रिय वचन, दुसऱ्याच्या हिताचे आचरण आणि समानत्तता, म्हणजे सर्वांशी समानतेने वागणे. सभेत समानता नसेल तर बोलणाऱ्याने कितीही तयारी केली तरी भय जात नाही. माणगावला तरुण आंबेडकर अध्यक्षस्थानी होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. राजाने तरुणास दिलेला तो आदर हजारो ऐकणाऱ्यांनी पाहिला.

आपल्या जवळचेही एक उदाहरण आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. डहाणू-उंबरगाव भागातील काही वारली तीस आले होते. सावकार-जमीनदारासमोर मान वर न करणारी ही माणसे होती. आपल्यासारखेच शेतकरी मंचावर बोलताना त्यांनी ऐकले. त्याच वर्षी मे महिन्यात गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने झरी येथे परिषद झाली आणि हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. जानेवारी ते मे! पिढ्यान्‌पिढ्यांचे मौन इतक्या थोड्या अवधीत सुटले, कारण बोलणारा एकटा राहिला नव्हता.

पुण्ण स्थविरांचा धडा

या चार बलांसोबत मनाची एक तयारीही लागते. ती पुण्ण स्थविरांनी शिकविली आहे. पुण्ण हे सुनापरांत देशाचे. हा प्रदेश म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याभोवतीचा भाग, असे अनेक अभ्यासक मानतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत सोपारा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथे मिळाला. त्या लेखात अशोकाने विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे आणि जनपदातील लोकांशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे केल्याचे नमूद आहे. म्हणजे खेड्यातील माणसाने राजाशी बोलावे, या गोष्टीचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावरील दगडावर कोरलेला आहे.

मज्झिम निकायात पुण्ण आपल्या देशी परत जाण्याची अनुज्ञा मागतात. तथागत त्यांना विचारतात, तेथील लोक तापट आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतात, मी समजेन की लोक भले आहेत, हात तर उगारला नाही. हात उगारला तर? दगड तर मारला नाही. अशा रीतीने दगड, काठी, शस्त्र आणि शेवटी मृत्यूपर्यंत प्रश्न जातात आणि प्रत्येकास पुण्णांपाशी शांत उत्तर असते. मगच तथागत अनुज्ञा देतात. त्याच वर्षावासात पुण्णांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्तात सांगितले आहे.

विद्यार्थ्यांनी हीच रीत उचलावी. व्यासपीठावर जाण्यापूर्वी स्वतःस विचारावे : काय वाईट होईल? वाक्य विसरेन. मग? कागदावर मुद्दे आहेत, पाहीन. कोणी हसेल. मग? क्षणभर थांबेन आणि पुढचे वाक्य बोलेन. सगळेच विसरले तर? ‘धन्यवाद, जय भीम’ म्हणून खाली बसेन आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहीन. भयास प्रश्न विचारत गेले की त्याची उंची कमी होते.

भाषण कसे सिद्ध करावे

आता प्रत्यक्ष पाठ. अंगुत्तर निकायात उपदेश करणाऱ्याने पाळावयाच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत : क्रमाने बोलावे, कारणे दाखवून बोलावे, ऐकणाऱ्यांविषयीच्या करुणेने बोलावे, लाभाच्या आशेने बोलू नये आणि स्वतःस वा दुसऱ्यास न दुखावता बोलावे. पाच मिनिटांच्या भाषणासाठी याहून चांगला आराखडा आम्हांस सापडलेला नाही.

समजा, शहापूर तालुक्यातील एका मुलीस ‘आमचे पाणी’ या विषयावर बोलावयाचे आहे. भातसा, तानसा, वैतरणा येथील धरणांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, हे तिने पाहिलेले आहे. तिने कागदावर पाचच ओळी लिहाव्यात. पहिली : आमच्या पाड्यावर एप्रिलमध्ये पाणी कोठून येते. दुसरी : आमच्या तालुक्यात कोणकोणती धरणे आहेत. तिसरी : ते पाणी कोठे जाते. चौथी : पाड्यावर ते का पोहोचत नाही, याची कारणे. पाचवी : काय करता येईल. हा झाला क्रम आणि ही झाली कारणे. मुंबईच्या माणसास शिवी न देता हे सांगता आले, तर पाचवी अटही पाळली गेली.

पूर्ण भाषण लिहून पाठ करू नये. केवळ पहिले आणि शेवटचे वाक्य पक्के ठेवावे. मधले मुद्द्यांवरून बोलावे. मोठ्याने बोलून किमान तीन वेळा सराव करावा, मनात म्हटलेले मोजू नये. नाव पुकारले गेल्यावर घाई करू नये. आनापानाच्या वेळी पाहतो तसा तीन वेळा आपला श्वास येता-जाता पाहावा, पाय जमिनीवर नीट टेकवावेत आणि समोरच्या एका स्नेहशील चेहऱ्याकडे पाहून पहिले वाक्य बोलावे. छातीतील धडधड एकदम थांबणार नाही. ती असतानाही बोलता येते, हे कळणे म्हणजेच पहिला विजय.

सभेचे कर्तव्य

पालकांस आणि माजी विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. आपल्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ते दरवर्षी एकाच वाचकाकडे न देता रोज वेगळ्या घरातील एका मुलास किंवा मुलीस एक पान द्यावे. आषाढ ते आश्विन या तीन महिन्यांत गावातील प्रत्येक मूल सभेसमोर एकदा तरी उभे राहील. अडखळले तर मध्येच दुरुस्ती करू नये. नंतर जवळ बसवून सांगावे. घरी जेवताना शाळेत काय झाले ते त्यास त्याच्या बोलीत पूर्ण सांगू द्यावे. लग्नात, जयंतीत, शोकसभेत घरातील स्त्रियांस बोलण्याचा आग्रह करावा आणि त्या बोलत असताना शांत राहावे.

हे वक्तृत्व स्पर्धेतील ढालीसाठी करावयाचे नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस जमीन, पाणी आणि जंगल यांविषयी विशेष अधिकार दिले आहेत. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे. पण कायदा बोलण्याचा अधिकार देतो, बोलत नाही. जमिनीच्या संपादनाचा ठराव वाचला जात असताना सर्वजण खाली पाहत राहिले, तर इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच उमटते. त्या क्षणी एका माणसाने उभे राहून ‘थांबा, हे पुन्हा वाचा’ म्हणणे, यासाठी आपल्या मुलांस परिपाठात उभे करावयाचे आहे.

मुलांनो, तुम्हांस थोर वक्ता व्हायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण जेथे आपल्या माणसांचा निर्णय होत असेल तेथे तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. जाणून घ्या, सराव करा, खरे बोला. आणि तुमच्याहून लहान कोणी पहिल्यांदा बोलण्यास उभे राहील, तेव्हा हसू नका. पहिल्या रांगेत बसून त्याच्याकडे स्नेहाने पाहा. चौथे बळ त्यास तुमच्याकडूनच मिळणार आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!